ताटं परत येतात तिथे

सोमवार, ४ तारीख

ही डायरी औषधाच्या दुकानदाराने गेल्या वर्षी मामाला फुकट दिलेली. मामाने ती उघडलीसुद्धा नाही. छापलेले वार गेल्या वर्षीचे आहेत, ते खोडून मी बरोबर करत जाणार. आयुष्यात निदान एवढं तरी दुरुस्त करता येतंय.

मामाला जाऊन महिना होत आला. झोपेतच गेला. निरोप माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मी मिठागरावरून लाकडाच्या वखारीत आणि वखारीतून ट्रकवर गेलो होतो, त्यामुळे निरोपाला माझ्यामागे बराच प्रवास करावा लागला. आज सकाळी इथे उतरलो. दारात काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. मामीने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलास? हात धू, कांदे सोलायचेत." त्यामुळे माझं रडणं कांद्याच्या नावावर जमा झालं.

घर होतं तसंच आहे. पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पत्र्याखाली मामाचं स्वयंपाकघर. तीन मोठ्या शेगड्या, आणि पातेली अशी की लहानपणी सुट्टीत आलो की मला एकात बसवून आंघोळ घालत. तेच पातेलं नंतर कुणाच्या तरी लग्नात भाताला जायचं. घासून न्यायचे अर्थात.

शुक्रवारी निघायचं ठरवलंय. बॅगेतून फक्त टॉवेल आणि दाढीचं सामान बाहेर काढलं.

बुधवार, ६ तारीख

दुपारी एक गृहस्थ आले. छापखान्यात फोरमन आहेत, सतराला रविवारी निवृत्त होतायत. त्यादिवशी छापखान्यामागच्या हॉलमध्ये सगळ्या कामगारांना घरच्यांसकट जेवण द्यायचंय. मामाला त्यांनी फोनवर विचारलं होतं, मामा हो म्हणाला होता, आणि पुढच्याच आठवड्यात गेला. आता दुसरं कुणीतरी बघतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढं सांगायला ते आले होते.

मामी म्हणाली, "यांनी हो म्हटलंय ना? मग जेवण होईल."

फोरमन गेले आणि ताई कामावरून आली. ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी, चष्म्याच्या दुकानात असते. ती आधीपासून म्हणतेय की हे सगळं विकून टाकावं. या पातेल्यांनी बाबांची पाठ खाल्ली, गुडघे खाल्ले, आता तुझे खातील. गिऱ्हाईकही दारातच आहे. मंडपवाला. मामाने जेवण द्यायचं आणि त्याने मंडप घालायचा, अशी वर्षानुवर्षं जोडी. त्याला सगळी पातेली शेगड्यांसकट हवीत.

तोही संध्याकाळी आला. मग मामीने सगळ्यांसमोर सांगितलं. "सतराला ताटं रिकामी परत आली तर ही चूल राहील. नाहीतर भावजी, टेम्पो घेऊन या आणि पातेली तिथूनच उचला."

मंडपवाला म्हणाला, मी टेम्पो घेऊनच येतो वहिनी, तुम्हाला दोन फेऱ्या नकोत. माणूस वाईट नाही, फक्त तयारीत असतो.

ताई जेवून उठली आणि पातेली घासत बसली. म्हणे विकायची वस्तू चकचकीत दिसावी.

शुक्रवार, ८ तारीख

आज निघणार होतो. पण या घरात जे चाललंय ते बघून निघवेना.

गोष्ट अशी आहे की मामीला थोडकं रांधता येत नाही. तीस वर्षं या घरात घरापुरता वेगळा स्वयंपाक झालेलाच नाही. मागच्या मोठ्या पातेल्यातलं पुढच्या खोलीत आलं की तेच जेवण. परवा मामीने छोटं पातेलं शोधलं, तर त्यात मामाचे खिळे-हातोडी निघाली. ते धुऊन तिने तिघांचा भात टाकला आणि हाताला सवय होती तेवढं मीठ टाकलं. तो भात समुद्रात शिजल्यासारखा लागला. (समुद्रावरून आठवलं, मिठागरावर माझ्याबरोबर एकजण होता, तो जेवताना वरून मीठ मागायचा. त्याला ही मामी मानवली असती.) काल तिने मीठ बरोबर घातलं, पण तेव्हा भात चाळीस जणांचा झाला. मी डबे घेऊन गल्लीभर फिरलो. समोरच्या शिंप्याने विचारलं, कसलं आहे? मी म्हटलं, काही नाही, आमचं दुपारचं जेवण आहे.

ही बाई सतराला अख्ख्या छापखान्याला जेवू घालेल यात मला शंका नाही. तिघांचं कसं होणार याची चिंता आहे.

आज जेवून उठलो तेव्हा मामी माझ्या ताटाकडे बघत होती. शेवटचा घास राहिला होता. माझा नेहमीच राहतो, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही ना, सवयच लागलीय. ताई विचारत होती की याला चटईवर किती दिवस झोपवणार, एक गादी आणू का. मामी म्हणाली, "राहू दे. पाहुण्याला चटई पुरते."

बरोबरच आहे.

मंगळवार, १२ तारीख

आज वादळ आलं. वादळ म्हणजे मामाचा जुना वाढपी. हे नाव मामानेच ठेवलेलं, कारण तो इतका हळू चालतो की त्याने वाढायला घेतलेला रस्सा शेवटच्या पंक्तीपर्यंत जाताना पुन्हा तापवावा लागतो असं मामा म्हणायचा. पण सांडत मात्र नाही. चाळीस वर्षांत एकाही पाहुण्याच्या कपड्यावर वादळाने थेंब पाडलेला नाही.

त्याच्याबरोबर बटाटे निवडत बसलो आणि मामाच्या गोष्टी निघाल्या. मला एक कळलं जे इतकी वर्षं कळलं नव्हतं. मी मामाला कार्यात नेहमी खरकट्याच्या पिंपाजवळ उभा पाहिलाय. लोक यजमानाला शोधत, मामाला शोधत, आणि मामा तिकडे मागे, जिथे उष्टी ताटं परत येतात तिथे. मला वाटायचं तो लाजतो. वादळ म्हणालं, लाजतोय कसला. मालक ताटं वाचायचे.

म्हणजे कसं? म्हणजे कोण जेवलं, कोण नुसतं बसलं, कशात मीठ कमी आहे, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं त्यांना ताटावरून कळे. तोंडाने सगळेच म्हणतात छान होतं. एका लग्नात नवरीच्या बापाचं ताट जसंच्या तसं परत आलं. मामाने नवीन ताट घेतलं, त्या माणसाला मागच्या खोलीत नेलं आणि दोघं पिशव्यांवर बसून जेवले. काय बोलले ते वादळाला माहीत नाही. पण नवरीचा बाप बाहेर आला तेव्हा नाचत होता.

वादळाला यातली सगळी विद्या पाठ आहे. ताटात रश्श्याचा ओघळ आणि बोटांच्या रेघा असल्या म्हणजे माणूस सुखाने जेवला. कडेला ढीग करून ठेवला म्हणजे मुलीकडच्यांवर राग आहे. शेवटचा घास तेवढा राहिला म्हणजे त्या माणसाचं लक्ष दाराकडे आहे, तो थांबायचा नाही. आणि ताट चाटूनपुसून आलं की मालकांचा चेहरा पडायचा. हे का, ते वादळ सांगणार होतं, पण तेवढ्यात शेजारच्या मांजरीने बटाट्यांच्या पाटीत उडी मारली. तिच्या मागे मी शिंप्याच्या माडीपर्यंत गेलो. शिंप्याकडे एक जुनं शिवणयंत्र आहे, पायाने चालवायचं, ते उघडून दाखवलं त्याने. परत आलो तर वादळ घरी जायला निघालेलं होतं. निघालेलं होतं म्हणजे दारापर्यंत पोचलं होतं.

ताईला विचारलं की मामा घरातही ताटं वाचायचा का. ती म्हणाली, "विचारू नकोस. गणितात नापास झाल्याचं मी तीन दिवस लपवलं आणि पावाच्या एका कडेने मला पकडून दिलं." मग हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसताना पाहिलं तिला.

शुक्रवार, १५ तारीख

मंडपवाला पातेली मोजून गेला. सगळं जागेवर होतं, पण मामाचं मोठं ओगराळं सापडेना. लांब दांड्याचं पितळी, वाढायला मामा तेच वापरायचा. एकदा बुडवलं की एका माणसाचं पोटभर येतं. मामीने सगळी फडताळं शोधली. मीही शोधलं. ताईच्या कॉटखाली झाडू घातला तर काहीतरी खणकन वाजलं, पण ती धावत आली आणि म्हणाली, राहू दे, तिथे माझ्या चष्म्यांच्या काचा आहेत, फुटतील. काच पितळेसारखी वाजते हे मला माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानातल्या काचा वेगळ्या असतील.

फोरमनही आले होते. मामाचा एकही फोटो घरात नाही, कारण तो कायम पिंपाजवळ आणि फोटोवाले कायम स्टेजजवळ. या गावातल्या निम्म्या लग्नांना त्याने जेवण दिलं आणि एकाही अल्बममध्ये तो नाही. मामीने हे फोरमनना कधीतरी सांगितलं असावं. त्यांनी मुलीच्या लग्नाचा अल्बम उलटापालटा केला आणि एक फोटो मिळाला. नवरा-नवरी हसतायत, मागे दार अर्धवट उघडं आहे आणि दारातून एक कोपर दिसतंय. हातात ताट.

त्यांनी तेवढाच भाग छापखान्यात मोठा करून, जाड कागदावर छापून आणला. मी म्हटलं, हे कुणाचंही असू शकतं. मामीने कागद हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "हे तेच. बघ, बाही दुमडताना डावी नेहमी जास्त वर जायची."

कोपर चौकटीत घालून शेगडीच्या वर लावलंय. आत येणारा प्रत्येकजण विचारतो हे काय. मामी म्हणते, आमचे हे.

शनिवार, १६ तारीख

उद्याची तयारी. कोबी-बटाट्याचा रस्सा, भात, उकडलेली अंडी, पाव, दुधातलं गोड. मी दिवसभर सोलतो, चिरतो, उचलतो. मामी सांगते, मी करतो. ढवळायचं कसं ते आज शिकलो. हात फिरवायचा नाही, कमरेतून झुकायचं आणि पातेल्याभोवती आपण फिरायचं. मी म्हटलं, फिरणं मला जमतं. मामी म्हणाली, म्हणूनच सांगितलं.

ताईने उद्या रजा घेतलीय. वाढायचं मी बघते म्हणाली. विकून टाकायला निघालेली माणसं शेवटच्या दिवशी फार मनापासून काम करतात, हे मी वखारीतही पाहिलंय.

सोमवारी सकाळची गाडी आहे.

रविवार, १७ तारीख

सगळं लिहितो, नाहीतर विसरेन. संध्याकाळ आहे आणि माझे दोन्ही दंड माझे नाहीत.

हॉल भरला. मामीचा रस्सा असा झाला होता की झाकण काढल्यावर यंत्रांवर काम करणारी थोराड माणसं ओळ मोडून पुढे आली. मंडपवाला टेम्पो मागच्या दाराशी लावून, हाताची घडी घालून उभा. मला आधी वाढायला ठेवलं होतं, पण मी अंड्यांचं भांडं गोडात उपडं करणार तेवढ्यात ताईने धरलं आणि मला खरकट्याच्या पिंपाजवळ पाठवलं. मामाच्या जागेवर. मला काहीतरी वाटलं, पण काय ते लिहिता येत नाही.

पहिली ताटं आली, रिकामी! पुढची आली, तीही रिकामी. मी मंडपवाल्याकडे बघून मिशी नसताना मिशीला पीळ दिला. सगळी ताटं आरशासारखी. एक जाडजूड गृहस्थ आले, त्यांच्या ताटात थेंब नव्हता. त्यांनी ते पावाने पुसलं होतं, पाव खाल्ला होता आणि वर बोटही फिरवलं होतं. जाताना त्यांनी आत एकदा वळून बघितलं. मागोमाग एक मुलगी आली, ती चालता चालता ताट चाटत होती.

तेव्हा वादळाचं वाक्य आठवलं. चाटूनपुसून ताट आलं की मालकांचा चेहरा पडायचा. का ते मांजरीने सांगू दिलं नव्हतं, पण ते त्या मुलीच्या तोंडावर लिहिलेलं होतं. भुकेली होती ती.

मी आत धावलो. वादळ रांगेत शांतपणे वाढत होतं, आणि हातात लोणच्याच्या बरणीतला असावा एवढा चमचा. प्रत्येकाला दोन चमचे रस्सा, मूठभर भात. टेबलांवर लोक रिकाम्या ताटांपुढे सभ्यपणे बसलेले आणि फोरमन घाम पुसतायत. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी उपाशी ठेवल्याचा आळ त्यांच्यावर यायची वेळ आली होती. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं.

"हा चमचा कुणी दिला?" मी विचारलं.

"ताईंनी," वादळ म्हणालं. "म्हणाल्या, थोडंथोडं वाढ, ताटात काही उरता कामा नये."

मी मामीला बोलावलं. मामीने चमचा बघितला, पातेलं बघितलं, मग ताईकडे बघितलं. ताई खाली बघत होती. तिचे डोळे लाल झाले होते. कांदे सकाळीच चिरून झाले होते, पण काहींना उशिरा झोंबतात. मला वाटतं तिचा माणसांचा अंदाज चुकला असावा. चष्म्यांच्या दुकानात एकावेळी एकच माणूस येतो, गर्दीची सवय नाही तिला. आणि गंमत म्हणजे विकायला तीच निघाली होती, तर ताटं रिकामी यायची काळजी तिने का करावी? ताईचं मला कधीच कळत नाही.

मामी रागावली नाही. तिने चमचा काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "वेडे, बाबांच्या पंगतीतून कुणी उपाशी गेलंय का कधी?"

ताईने कोपऱ्यातली आपली पिशवी उघडली आणि आतून मामाचं मोठं ओगराळं काढलं. हरवलेलं! तिला ते कुठे सापडलं विचारायचं राहूनच गेलं.

मग काय वाढलं दोघींनी. वादळाला म्हटलं तू फक्त पाव धर. मी पिंपाकडे परत. दुसऱ्या वेळची ताटं आली ती वेगळीच होती. रश्श्याचे ओघळ, बोटांच्या रेघा, कुठे कोबीची एक पाकळी. तो जाडा गृहस्थ आला, चेहरा झोपाळलेला, ताटात अर्धा बटाटा. छोट्या मुलीने पाव उरवून खिशात घातला होता.

मंडपवाला पुढे आला, पिंपात वाकून बघितलं. "वहिनी, ताटात उरलंय की. अट रिकाम्या ताटाची होती."

मी मध्ये बोलणार होतो. तो नियमाने बरोबर होता आणि तीच अडचण होती. मामी पदराला हात पुसत आली. तिने एकेक ताट उचललं आणि तिरकं करून उजेडात धरलं. मामा तसंच धरायचा, आता आठवलं. मला वाटलं, गेली पातेली.

"अर्धा बटाटा ठेवून उठलाय," मामी म्हणाली. "यापेक्षा भरलेलं पोट असतं का भावजी? अट मी घातली होती, ताटंही मीच बघणार. तुम्ही जेवलात?"

तो म्हणाला, नाही, मी आपला टेम्पोपाशी होतो. मामीने त्याला बसवलं. ताईने ओगराळं बुडवलं. त्याने दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा नको नको म्हणत घेतलं, आणि त्याचं ताट आलं तेव्हा त्यात रेघाच रेघा होत्या. ते मी मामीला नेऊन दाखवलं. मंडपवालाही हसला. म्हणाला, तुझ्या मामाने मला असंच कितीदा हरवलंय.

पातेली टेम्पोत चढली. चढवायला मंडपवाल्यानेच हात लावला. आणि उतरली ती आमच्याच अंगणात.

फोरमन निघताना रडले. निवृत्तीमुळे असेल. त्यांच्या साडूच्या मुलीचं पुढच्या महिन्यात काहीतरी कार्य आहे, मामीला विचारून गेले. मामी हो म्हणाली.

सोमवार, १८ तारीख

गाडी चुकली. दंड वर होईनात, बॅग कशी उचलणार. उद्या बघू.

बुधवार, २० तारीख

काल पातेली घासली, परवा शेगडीचा एक बर्नर बंद पडला होता तो उघडून बघितला. शिंप्याच्या यंत्रासारखाच निघाला, म्हणजे घाण काढली की चालतो. मामी म्हणते साडूच्या कार्याला दुसरा माणूस ढवळायला मिळेल, तू काळजी करू नकोस. मी म्हटलं, कुणालाही उभा कराल तर तो हात फिरवत बसेल, त्याला आधी शिकवावं लागेल. तेवढं शिकवून जातो.

आज वादळही जेवायला होतं. मामीने खिळ्यांच्या त्या छोट्या पातेल्यात रस्सा केला. चौघांचा. चाखला आणि मीठ बरोबर होतं, वाढला आणि चौघांना पुरला. ताईने टाळ्या वाजवल्या. कोपराच्या फोटोकडे बघून मामी म्हणाली, "बघितलंत? जमलं एकदाचं."

मग वादळाने मामाच्या गोष्टी सांगितल्या. एकदा पाऊस आला आणि मामाने मंडपवाल्याचाच मंडप काढून भातावर झाकला, पाहुणे भिजले पण भात नाही. एकदा मामा ताईच्या शाळेच्या सहलीला सगळ्या वर्गाचा डबा घेऊन सायकलने बसच्या मागे गेला. ताई म्हणाली, मला तेव्हा इतकी लाज वाटली होती. आणि पुन्हा सांग म्हणाली. मी ऐकता ऐकता आणखी घेतलं, मग पुन्हा घेतलं, रस्सा संपला तेव्हाच उठलो. मामाला मी नीट ओळखत नव्हतो असं वाटतंय. सगळं विचारून घेतलं पाहिजे वादळाकडून. ते सावकाश सांगतं, म्हणजे वेळ लागणार.

ताट मोरीत ठेवायला गेलो तर मामीने हातातून घेतलं. उजेडाकडे तिरकं करून धरलं. मी म्हटलं, काय बघतेस? काही नाही म्हणाली, आणि एकटीच हसली.

मग ताईला म्हणाली, "संध्याकाळी येताना गादी घेऊन ये. जाड बघून आण."

कुणीतरी पाहुणा येणार दिसतोय. मला चटई बरी पडते. पण घरात माणूस येतोय तर त्याला न भेटता निघणं बरं दिसणार नाही.